जिरेनियमचा नवा वाण : फूल कुणाचे, हक्क कुणाचा?

कापडाच्या पेठेत चाललेली डिझाइन फार दिवस एकट्याची राहत नाही. एखादी बुट्टी, एखादी किनार लोकांना आवडली की पंधरा-वीस दिवसांत तशाच दिसणाऱ्या मालाचे गठ्ठे समोरच्या गाळ्यावर उतरतात आणि भाव दोन रुपये कमी. एकदा तर आम्ही छपाईला दिलेला नमुना, आमचा माल तयार होण्याआधीच, दुसऱ्याच्या थानावर छापून बाजारात आलेला आम्ही पाहिला आहे. डिझाइनची नोंदणी करता येते, कायद्याने १० वर्षे आणि पुढे आणखी ५ वर्षे हक्क मिळतो, हे सर्वांना माहीत आहे. पण एका हंगामाच्या फॅशनसाठी कोण एवढे दस्तऐवज करत बसणार?

ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण असे की, यंत्रमागाच्या धंद्यात मंदी आली की आमच्या ओळखीचे काही लोक मुलांसाठी दुसरा व्यवसाय पाहू लागतात आणि त्यात फुलांच्या नर्सरीचे नाव हमखास निघते. मग ते विचारतात, "शेठ, एकाच फुलझाडाचे साधे रोप इतके स्वस्त आणि 'नवा वाण' म्हटला की इतका महाग, हे काय गौडबंगाल आहे? झाड तर झाडच. एकदा विकत घेतले की त्याची कलमे करायला कोण अडवणार?" अडवणारा आहे, आणि तो का अडवतो हे नीट समजून घेतले पाहिजे. त्यासाठी आम्ही जिरेनियमचे एक उदाहरण घेतो. माल विलायतेचा आहे, पण त्याचे मूळ आपल्याच हिमालयात आहे.

एक नाव, दोन झाडे

प्रथम नावाचा घोळ दूर करू. आपल्याकडे कुंडीत लाल-गुलाबी फुलांचे गुच्छ येणारे, पान चुरगळले की उग्र वास देणारे जे झाड जिरेनियम म्हणून विकले जाते, ते शास्त्राप्रमाणे पेलार्गोनियम होय. त्याचे घराणे मुख्यतः दक्षिण आफ्रिकेचे. लिनियसने १७५३ साली दोन्ही घराणी एकाच नावाखाली घातली. फ्रेंच शास्त्रज्ञ लेरितिए याने १७८९ साली ती वेगळी केली. शास्त्र सुधारले, पण बाजाराची जीभ सुधारली नाही. महाराष्ट्रात काही शेतकरी सुगंधी तेलासाठी जे जिरेनियम लावतात तेही पेलार्गोनियमच.

खरे जिरेनियम थंड मुलखातले. त्याच्या पाच पाकळ्या सारख्या असतात, तर पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या बाकी तिघींहून वेगळ्या दिसतात. फूल गळल्यावर येणाऱ्या फळाला लांब चोच असते. ग्रीक भाषेत करकोच्याला गेरानोस म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. विलायतेच्या बागांत हे झाड वर्षानुवर्षे जमिनीत राहते. हिवाळ्यात वरचा भाग मरतो, वसंतात मुळापासून पुन्हा फुटतो.

हिमालयाचे दोन वंश

आमच्या उदाहरणातल्या वाणाचे नाव 'रोझॅन'. त्याची आई-बाप मानली जाणारी दोन्ही झाडे हिमालयातली आहेत. एकाचे नावच हिमालयेन्से. याचे फूल मोठे आणि निळे, जमिनीखालून पसरण्याची त्याला सवय, बहर उन्हाळ्याच्या सुरुवातीचा. दुसरे वालिचियानम. कलकत्त्याच्या कंपनी बागेचे प्रमुख असलेले डॅनिश डॉक्टर नाथानिएल वालिच यांच्यावरून ते नाव पडले. याच्या फांद्या लांब आणि लोळणाऱ्या, पानांवर फिकट ठिपके, आणि बहर उशिरा, शरद ऋतूपर्यंत चालणारा. काश्मीरच्या डोंगराळ भागात याची मुळे लोक औषधासाठी वापरत आले आहेत.

इंग्रज अमदानीत अशी किती तरी झाडे-बिया विलायतेला गेल्या. वालिचियानमची एक निवडक जात, निळे फूल आणि मध्यभागी पांढरा डोळा असलेली, वेल्समधील बक्स्टन नावाच्या बागवानाने सांभाळली. ती आजही 'बक्स्टन्स व्हरायटी' म्हणून ओळखली जाते.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. एक झाड लवकर फुलते, दुसरे उशिरा. दोघांचा गुण एकाच झाडात आला तर? जूनपासून थंडी पडेपर्यंत फुलणारे झाड मिळेल. बागेच्या धंद्यात याची किंमत मोठी, कारण गिऱ्हाईक नर्सरीत जेव्हा येईल तेव्हा झाडावर फूल असले पाहिजे. बिनफुलाचे रोप म्हणजे शो-केसमध्ये घडी घालून ठेवलेली साडी. पदर दिसल्याशिवाय कोण विकत घेतो?

हाताने संकर कसा करतात

जिरेनियमच्या फुलात दहा पुंकेसर असतात. त्यांतले पराग आधी पिकतात आणि फुलाच्या मधली मादी बाजू, जिला कुक्षी म्हणतात, ती नंतर पाच फाट्यांनी उघडते. निसर्गाने ही व्यवस्था अशासाठी केली की फुलाने शक्यतो स्वतःचेच पराग घेऊ नयेत. वाण तयार करणारा याच सवडीचा फायदा घेतो. कळी उमलण्याच्या बेतात असतानाच चिमट्याने दहाही परागकोश काढून टाकायचे. मग मधमाशी बसू नये म्हणून फूल झाकायचे. एक-दोन दिवसांत कुक्षी उघडली की दुसऱ्या झाडाचे पराग बारीक ब्रशने किंवा त्या परागकोशानेच तिच्यावर लावायचे. देठाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर आधी आईचे नाव, मग बापाचे, मग तारीख. ही चिठ्ठी हरवली की सारी मेहनत वाया. झाड उगवेल, पण त्याचा वंश सांगता येणार नाही.

पुढची अडचण मजेदार आहे. जिरेनियमचे फळ पिकले की चोच तडकते आणि बिया गोफणीसारख्या दूर उडतात. म्हणून फळ तपकिरी होऊ लागताच त्यावर पातळ मलमलची किंवा जाळीच्या कापडाची लहान पिशवी बांधतात. (येथेही कापडाशिवाय चालत नाही, हे वाचून आम्हाला बरे वाटले.)

आणि मिळते काय? एका फुलातून जास्तीत जास्त पाच बिया. कापसाचे किंवा तंबाखूचे बोंड फुटले की बियाच बिया, तसे येथे नाही. शंभर फुलांवर चिमटा चालवला आणि सगळे जमले तरी पाचशे बिया. पण सगळे जमत नाही. दोन वेगळ्या जातींचा संकर असला की बहुतेक फुले रिकामीच गळतात. जी बी धरते तिचे कवच कठीण. काचकागदावर हलके घासल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. उगवलेल्या रोपाला फूल येण्यासाठी बहुधा पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

नंतर सुरू होते खरे काम, ते म्हणजे फेकण्याचे. रोपे एका आई-बापाची असली तरी एकसारखी नसतात. काही खुजी, काही लंगडी, काहींचा रंग मळकट. ग्रे कापड तपासणारा जसा टेबलावर थान सरकवत दोष शोधतो, तसे वाफ्यातून फिरून एकेक रोप बाद करावे लागते. आणि जे चांगले दिसते तेही लगेच विकायचे नाही. पहिल्या वर्षी देखणे दिसलेले रोप दुसऱ्या हिवाळ्यात मरते, तिसऱ्या वर्षी त्याच्या पानांवर भुरी येते. कच्चा रंग पहिल्या धुण्यात कळतो. झाडाचा कच्चेपणा कळायला तीन-चार वर्षे लागतात. म्हणून या धंद्यात सब्र हेच भांडवल आहे असे आमचे मत झाले आहे. पैसा असून सब्र नसलेल्याने यात पडू नये.

रोझॅनचा जन्म

गंमत म्हणजे रोझॅनसाठी कुणी चिमटा चालवलेला नव्हता. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात किल्व्ह नावाचे गाव आहे. तेथे डोनाल्ड आणि रोझॅन वॉटरर या जोडप्याच्या बागेत जिरेनियमच्या अनेक जाती लावलेल्या होत्या. १९८९ साली त्यांना एक रोप इतरांहून वेगळे दिसले. संकर मधमाशीने केला होता. फूल मोठे, निळे-जांभळे, मधोमध पांढरे. झाड जोमदार आणि बहर थांबतच नव्हता.

येथे कुणी म्हणेल की मग या जोडप्याचे कर्तृत्व काय? आमचे उत्तर असे : बागेत तण उपटताना असली किती तरी रोपे रोज कचऱ्यात जातात. हजारांत एक रोप वेगळे आहे हे ओळखणे, ते उपटून न टाकणे, वर्षानुवर्षे त्यावर नजर ठेवणे, त्याची वाढ करून ते पारखणे, हाच त्या धंद्याचा हुन्नर आहे. कायदाही तेच मानतो. लागवडीखालील जागेत सापडलेले आणि कुणीतरी ओळखून वाढवलेले रोप अमेरिकेच्या पेटंट कायद्यात चालते.

त्यांनी हे झाड ब्लूम्स ऑफ ब्रेसिंगहॅम या नॉरफोकच्या नामांकित नर्सरीकडे दिले. नर्सरीने ते लगेच बाजारात आणले नाही. तपासणी आणि वाढ यांत वर्षे गेली आणि २००० साली रोझॅन विक्रीला आले. रोप सापडल्यापासून ११ वर्षे! कापडात ११ वर्षांत किती फॅशनी येऊन गेल्या असत्या याचा विचार करा. पुढे २००८ साली अमेरिकेतील बारमाही झाडांच्या संघटनेने त्याला वर्षाचे झाड ठरवले. २०१३ साली लंडनच्या चेल्सी प्रदर्शनाला शंभर वर्षे झाली, तेव्हा दर दशकातून एक अशा दहा झाडांतून लोकांनी मत देऊन शतकाचे झाड निवडले. तो मान याच रोझॅनला मिळाला.

बी नाही, म्हणूनच भाव आहे

रोझॅन वांझ आहे. त्याला बी धरत नाही. शेतकऱ्याला हा दोष वाटेल, पण शोभेच्या झाडात हा गुण ठरला. बी धरली की झाडाचे काम संपते आणि ते फुले आटोपते घेते. येथे बी धरतच नाही, म्हणून झाड फुलतच राहते. शिवाय बी पडून बागेत इकडे तिकडे भलतीच रोपे उगवत नाहीत.

पण मग वाढ कशी करायची? मुळांचा गड्डा फोडून, फांदीची कलमे करून, किंवा प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने. जळगावकडच्या केळीमुळे ऊतीसंवर्धन आपल्या लोकांना नवे राहिलेले नाही. एका झाडाचे वर्षाला चार भाग होतात असे धरा. पहिल्या वर्षाअखेर ४, दुसऱ्या १६, तिसऱ्या ६४, चौथ्या २५६, पाचव्या १०२४. पाच वर्षे थांबून हजार रोपे, आणि तीही एक मेले नाही तर. मोठ्या बाजाराला लाखांनी रोपे लागतात. म्हणून वाढीची सोय आधी करावी लागते आणि तिचा खर्च वाण विकला जाण्याच्या आधी होतो.

शिवाय कलमाने केलेले प्रत्येक रोप हुबेहूब मूळ झाड असते. बियांच्या मालात नक्कल थोडी इकडची तिकडची होते, कलमात ती शंभर टक्के होते. एक रोप विकत घेतले की गिऱ्हाइकाच्या हाती अख्खा कारखाना आला. कायद्याचा आधार नसेल तर अकरा वर्षे थांबलेला माणूस एकाच हंगामात उघडा पडेल. आमच्या मराठीत आणि उर्दूतही 'कलम' म्हणजे लेखणी आणि कलम म्हणजे झाडाची फांदी. मराठीत त्याला कायद्याचे कलम हा तिसरा अर्थही आहे. या धंद्यात तिन्ही लागतात.

दोन नावे आणि एक तंटा

अमेरिकेने १९३० साली, कलमाने वाढणाऱ्या झाडांसाठी, वनस्पती पेटंटचा कायदा केला. युरोपीय देशांनी १९६१ साली पॅरिसमध्ये करार करून वाण निर्माण करणाऱ्याचा वेगळा हक्क ठरवला. रोझॅनला अमेरिकेचे पेटंट २००१ साली मिळाले. युरोपात त्याचे नोंदणीचे नाव 'गेरवॅट' आहे. रोझॅन हे व्यापारातले नाव. ही दोन नावांची युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नोंदणीचे नाव वाणाला कायमचे चिकटते आणि हक्काची मुदत संपली की ते नाव घेऊन कुणीही तो वाण विकू शकतो. व्यापारचिन्हाची नोंदणी मात्र पुनःपुन्हा वाढवता येते. गिऱ्हाईक कोणत्या नावाने माल मागते, त्यावर पुढची वीस वर्षे ठरतात.

मग तंटा झाला. हॉलंडमधून 'जॉली बी' नावाचा एक वाण आला. त्याचा वंश वेगळा सांगितला गेला. एका बाजूला वालिचियानम, दुसऱ्या बाजूला जपानची एक जात. पण बाजारात लोकांनी दोन्ही झाडे शेजारी ठेवली तर फरक सापडेना. हक्क कुणाचा यावर बरीच वर्षे वाद चालला आणि शेवटी २०१० च्या सुमारास तो मिटून जॉली बी हे नाव व्यापारातून गेले, रोझॅन राहिले.

असा वाद सोडवायचा कसा? कागदावरच्या वंशावळीने नाही. दोन्ही वाण एकाच जमिनीत, एकाच वेळी लावून मोजमाप केले जाते : पानाचे खाच, देठाची लांबी, पाकळीची रुंदी, रंगतक्त्याशी जुळणारी छटा. तीन गोष्टी पाहतात. वाण इतरांहून स्पष्ट वेगळा आहे काय, त्याची सगळी रोपे एकसारखी आहेत काय, आणि पिढ्यानपिढ्या तो तसाच राहतो काय. आमच्या पेठेत नमुन्याच्या नकलेचा निवाडा असा मोजून-मापून झाला असता तर किती तरी कारागिरांचे कल्याण झाले असते.

आपल्याकडचा कायदा

भारतात झाडाला पेटंट मिळत नाही. त्याऐवजी २००१ साली पिकांचे वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा झाला. झाडे आणि वेली यांना १८ वर्षे, इतर पिकांना १५ वर्षे हक्क मिळू शकतो. इतर पिकांचे प्रमाणपत्र प्रथम ६ वर्षांचे असते, पुढे फी भरून वाढवावे लागते. ज्या वनस्पती सरकारने अधिसूचित केल्या असतील त्यांच्याच वाणांची नोंदणी होते. म्हणून कामाला लागण्याआधी आपले फूल त्या यादीत आहे का ते पाहावे.

व्यापाऱ्याने एक अट विशेष लक्षात ठेवावी. अर्ज करण्याच्या तारखेआधी भारतात एक वर्षाहून जास्त काळ तो वाण विकला गेला असेल, तर तो 'नवा' राहत नाही. परदेशातील विक्रीसाठी ही मर्यादा सामान्यतः चार वर्षे, झाडे-वेलींसाठी सहा. आपली सवय काय? आधी माल काढा, चालला तर कागद करू. येथे ती सवय हक्क घालवून बसते.

या कायद्यात दोन गोष्टी आम्हाला न्यायाच्या वाटतात. शेतकरी संरक्षित वाणाचे बी ठेवू, पेरू, देवू-घेवू आणि विकूही शकतो. फक्त त्या ब्रँडच्या नावाने विकू शकत नाही. आणि संरक्षित वाण वापरून कुणी पुढचा नवा वाण तयार करू पाहील तर त्याला मज्जाव नाही. म्हणजे पहिल्याचा नफा राखला, पण दुसऱ्याची वाट बंद केली नाही.

मात्र एक प्रश्न उरतो. रोझॅनच्या प्रत्येक रोपावर रॉयल्टी घेतली गेली. ज्या डोंगरांतून त्याचे दोन्ही वंश गेले त्या मुलखाला त्यातून काय मिळाले? काही नाही. वंश गेले तेव्हा तसा नियमच नव्हता. १९९२ च्या जैवविविधता कराराने प्रथम मान्य केले की देशाच्या वनस्पतींवर त्या देशाचा हक्क आहे, आणि आपल्याकडे २००२ साली त्याचा कायदा झाला. आता परदेशी कंपनीला येथील वनस्पती नेऊन वापरायची तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. मागचा हिशेब कुणी करणार नाही. पण आमच्या मते निवडणाऱ्याचा हक्क खरा असेल तर ज्यांच्या डोंगरात ते झाड होते आणि ज्यांनी त्याचा उपयोग जाणला होता, त्यांचाही खरा आहे.

पैसा घालावा काय?

ज्यांनी आम्हाला विचारले त्यांना आमचे सरळ उत्तर आहे. रोझॅनसारखे थंड मुलखाचे जिरेनियम आपल्या पठारावर आणि कोकणात लावून धंदा होणार नाही. त्याला खरा हिवाळा लागतो. कुंडीतले पेलार्गोनियम हिवाळी हंगामात पुण्यासारख्या ठिकाणी किंवा महाबळेश्वर-पाचगणीकडे चांगले येते, पण पावसाळ्यात ते सडते. म्हणून येथे कुणाला नवा वाण करायचाच असेल तर पाऊस सोसणारे झाड शोधावे. युरोपच्या कंपन्या आपल्या पावसासाठी वाण काढत बसणार नाहीत, ती जागा रिकामी आहे. एका मुलाने नर्सरीचा रोजचा धंदा चालवावा आणि बाजूला चार वाफे निवडीसाठी ठेवावेत. त्या वाफ्यांकडून पहिली पाच-सात वर्षे एक पैसाही येणार नाही असे धरून चालावे.

आणि ज्यांना तयार वाणाची रोपे आणून फक्त वाढ करून विकायची आहेत, त्यांनी पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्याव्यात. वाणाचे नोंदणी नाव आणि नोंदणी क्रमांक. आपल्याला कलमे करण्याची परवानगी आहे की फक्त विकण्याची. रॉयल्टी रोपामागे आहे की ठोक. आणि हक्काची मुदत किती उरली आहे. शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात. अमेरिकेत वनस्पती पेटंट अर्जापासून २० वर्षे चालते, म्हणजे रोझॅनचे तेथील पेटंट केव्हाच संपले. युरोपातील हक्क मंजुरीनंतर २५ वर्षे चालतो. तेव्हा कोणी २००० सालच्या आसपासच्या वाणावर रॉयल्टी मागत असेल तर कोणत्या देशातील हक्कावर मागतो ते आधी विचारावे, आणि भारतात त्याची नोंदणी आहे काय हेही पाहावे.